बिल्ला कोणाच्या गळ्यात?

१

शुक्रवारी दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी लाँड्रीतला फोन खणखणला. पलीकडे हॉटेलचं कपड्यांचं कोठार सांभाळणाऱ्या बाई होत्या. या बाईंचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशीही चढला नाही. त्यांनी सांगितलं, की टेम्पो पोहोचला, माल उतरवून तपासला आणि त्यात चाळीस चादरी, ऐंशी अभ्रे आणि एक मुलगी निघाली. मुलगी पावतीवर लिहिलेली नाही, तेव्हा ती चुकून आली असावी.

"झोपली आहे," बाई म्हणाल्या. "चादरींमध्ये. हातात एक मोजा आहे. या लवकर."

लाँड्रीत तेव्हा घरची चार मोठी माणसं होती: भिंगरीची आई, बाबा, आत्या आणि आजोबा. टेम्पो साडेतीनला सुटला होता. म्हणजे साडेतीन वर्षांची पोर पस्तीस मिनिटं घरात नव्हती आणि चौघांपैकी एकालाही तिची आठवण झाली नव्हती. फोन आला नसता तर आणखी किती वेळ झाली नसती, कोण जाणे.

भिंगरीला काही झालं नाही. टोपली वेताची होती, हवा येत होती. ती जागी झाली आणि आईच्या कडेवर बसून घरी आली. पण टेम्पोवाल्याने खाली मान घालून एक गोष्ट सांगितली. तो रोज वाटेत टेम्पो उन्हात लावून अर्धा तास चहाला थांबतो. मागच्या भागाला खिडकी नाही. त्या दिवशी टपरी बंद होती, म्हणून तो सरळ पुढं गेला.

संध्याकाळी भिंगरीच्या आईने लाँड्रीचं शटर खाली ओढलं आणि सगळ्यांना सांगितलं, "ज्याच्या पाळीत हे झालं, त्याच्या हातात भिंगरी पुन्हा जाणार नाही. मग तो कोणी का असेना." आजोबा काही तरी बोलायला गेले, पण नुसतेच खोकले.

मग तिने आपल्या मावशीला फोन लावला.

२

मावशी म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. छत्तीस वर्षं तिने एका छोट्या स्टेशनावर काढली होती, आणि त्या काळात तिथे एकही गाडी दुसरीला भिडली नव्हती. हे ती स्वतः सांगत नसे, पण कोणी सांगायला लागलं तर मध्ये बोलतही नसे. शनिवारी सकाळी ती दोन स्टेशनं ओलांडून आली ती छत्री, डबा आणि धास्ती घेऊनच. कारण हे प्रकरण तिच्यावरही शेकत होतं.

गेल्या वर्षी भिंगरी लाँड्रीभर पळायला लागली, तेव्हा या घरात रोज एकच रडगाणं असे. मला वाटलं ती तुझ्याकडे आहे, मला वाटलं तुझ्याकडे. लाँड्री म्हणजे पोरासाठी जागा नव्हेच. पुढं काउंटर, मध्ये तापलेल्या इस्त्र्या, मागं धुलाईची यंत्रं, बाजूच्या खोलीत डाग काढायची औषधं. तेव्हा मावशीनेच त्यांना रेल्वेची पद्धत सांगितली होती. एकेरी रुळांच्या मार्गावर ज्या ड्रायव्हरच्या हातात स्टेशनमास्तरने दिलेला लोखंडी गोळा असतो, त्याचीच गाडी पुढं जाते. गोळा एकच, म्हणून गाडीही एकच. तुम्हीही तसंच करा.

लाँड्रीवाल्यांना ही गोष्ट लगेच पटली, कारण त्यांचा सगळा धंदाच बिल्ल्यांवर चालत होता. प्रत्येक कपड्याला नंबराचा गोल पितळी बिल्ला, आणि बिल्ला ज्याच्या टेबलावर, कपडा त्याच्या जबाबदारीवर. भिंगरीसाठी आजोबांनी एक गोल बिल्ला तीन बाजूंनी कापून तिकोनी केला आणि त्यात दोरा ओवला. ज्याच्या गळ्यात तिकोनी बिल्ला, भिंगरी त्याच्याकडे. वर्षभर गाडी सुरळीत चालली होती. मावशी ही गोष्ट चारचौघांत मोठ्या कौतुकाने सांगायची. आता ती घरात शिरली तेव्हा तिला कोणी काही बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

३

मावशीने भाचीला, म्हणजे भिंगरीच्या आईला, आधी बसवलं. भाची डागांची खोली सांभाळायची आणि तिच्या हाताला मोठा गुण होता. गंज असो, शाई असो, दुसऱ्यांनी सोडून दिलेले कपडे तिच्याकडे येत. आता हे काम बंद, आपण भिंगरीला घेऊन घरात बसणार, असं तिने रात्रीच जाहीर केलं होतं. ते सांगताना तिचा चेहरा असा झाला होता, की मावशीला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण चौकशीच्या वेळी कोणाला जवळ घ्यायचं नसतं, म्हणून मावशीने फक्त पाण्याचा पेला पुढं केला.

भाचीने सांगितलं, की तीन वाजून वीस मिनिटांनी ती एक शाईचा टेबलक्लॉथ घेऊन खोलीच्या दारात आली. वेळ पक्की होती. औषध लावलं की दहा मिनिटं मोजावी लागतात, म्हणून तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडेच होती. दारातून तिला इस्त्रीपाशी उभे असलेले आजोबा दिसले आणि त्यांच्या गळ्यातला तिकोनी बिल्ला चकाकताना दिसला. ती निर्धास्त होऊन आत गेली.

मग जावई, भिंगरीचा बाबा. हा मनुष्य इतका सरळ, की खोटं बोलायची वेळ आली तर आधी परवानगी मागेल. तो मागच्या दारात टोपल्या लावत होता. साडेतीनला टेम्पो सोडायचा, म्हणून त्यानेही तीन वीसला घड्याळ पाहिलं होतं. मागच्या दारातून बोळ सरळ काउंटरपर्यंत जातो, आणि काउंटरवर त्याची बहीण, भिंगरीची आत्या, बसली होती. तिकोनी बिल्ला तिच्या गळ्यात होता. त्याने डोळ्यांनी पाहिलं. मग त्याने टोपलीचं झाकण लावलं आणि पट्टा ओढला.

"एरवी मी झाकणावर गुडघा रोवतो, मावशी," तो म्हणाला. "काल टोपली भरलेली दिसली नाही, म्हणून नाही रोवला." एवढं बोलून तो उठला आणि उगाचच यंत्राचा रिकामा नळ पिळत बसला.

मावशीने वहीत दोन ओळी लिहिल्या. तीन वीस, बिल्ला आजोबांच्या गळ्यात. तीन वीस, बिल्ला आत्याच्या गळ्यात. घड्याळ एक, बिल्ला एक, आणि दोन्ही साक्षीदार धुतल्या तांदळासारखे.

४

आत्याची जीभ म्हणजे कात्री, पण भिंगरीचे केस तिच्याशिवाय कोणी विंचरू शकत नसे. तिने एका दमात सांगून टाकलं, की पाळी बाबांची, म्हणजे भिंगरीच्या आजोबांची, होती. तिने बिल्ला बाबांच्या गळ्यात पाहिला होता आणि वहिनीनेही पाहिला, मग आणखी काय पाहिजे? नणंद-भावजयीचं एकमत झाल्याचं हे या घरातलं पहिलंच उदाहरण होतं. तिच्या गळ्यात बिल्ला होता असं भाऊ म्हणतो, हे ऐकल्यावर मात्र ती एकदम यंत्रांच्या कचरा अडवणाऱ्या जाळीविषयी बोलायला लागली. ती जाळी आपण रोज साफ करतो, दादा उगाच कुरकुर करतो, वगैरे. जाळीचं तिला कोणी विचारलंच नव्हतं.

बिल्ला सध्या कुठं आहे, असं मावशीने विचारलं. आत्याने काउंटरच्या खणातून काढून दिला. पितळेचा पिवळा रंग जाऊन तो तांबूस, निस्तेज पडला होता. मावशीने तो भाचीला दाखवला तेव्हा तिने पाहताक्षणी सांगितलं, की हा ब्लीचच्या पाण्यात पडलेला दिसतो. पितळ तसं होतं मग.

राहिले आजोबा. बहात्तर वर्षांचे, आजही कॉलरची इस्त्री पोराला करू न देणारे. दुपारी दोन ते चार हा त्यांचा आणि भिंगरीचा वेळ. लाँड्रीत एकेकटे उरलेले मोजे एका टोपलीत जमतात. हे दोघं समोरासमोर बसून त्यांचे जोडीदार शोधत. जोडी जमली की भिंगरी टाळ्या वाजवी आणि आजोबा लग्न लावल्यासारखे दोन्ही मोजे एकमेकांत गुंडाळत. आजी गेल्यानंतर आजोबा पुन्हा हसायला लागले ते या मोज्यांमुळेच, असं भाची मागं एकदा म्हणाली होती.

आज ते मावशीकडे न पाहता बोलले. "मास्तर, बिल्ला काउंटरवर होता. माझ्या लेकीच्या गळ्यात होता. मी बघितला." ते बोलत असताना त्यांचा डावा हात सारखा सदऱ्याच्या खिशावर जात होता.

मावशीची पेन्सिल खाली पडली. खरं सांगायचं तर तिने ती पाडली. स्टेशनात पाकीटमार ओळखायला ती हीच युक्ती वापरायची. ती इस्त्रीच्या टेबलाखाली वाकली आणि तिथे, टेबलाच्या पायाला चिकटून, तिला पितळेचे तीन छोटे काप सापडले. प्रत्येक काप एका बाजूने सरळ, दुसऱ्या बाजूने गोल. नखं कापल्यावर पडतात तसे, आणि चकचकीत.

मावशी उठली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. कोडं सुटत आलं होतं आणि ते सुटू नये असं तिला वाटायला लागलं होतं.

५

दुपारी ती भिंगरीजवळ जाऊन बसली. भिंगरी जमिनीवर पालथी पडून एका मोज्यात हात घालून त्याच्याशी बोलत होती. काल काय काय झालं, असं मावशीने विचारलं. भिंगरीने सांगितलं, की ती लपली होती. आधी आजोबांना सांगून लपली. आजोबा म्हणाले, जा आत्याकडे. मग ती आत्याकडे गेली. आत्या म्हणाली, जा आजोबांकडे. मग ती मोज्याला घेऊन टोपलीत लपली.

"मग?"

"मग मला कोणी शोधलंच नाही," भिंगरी म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. खेळ तसा झाला, एवढंच.

मावशीपुढे पेच होता. आता बोलायचं, तर आजोबांचे दोन ते चार कायमचे जाणार. भाचीचा शब्द म्हणजे शब्द. न बोलावं, तर या घरात उद्या पुन्हा असं होणार, आणि टपरी रोज बंद नसते. स्टेशनात असे निर्णय तिने उभ्या उभ्या घेतले होते. इथे तिला दोनदा पाणी प्यावं लागलं. मग तिने सगळ्यांना इस्त्रीच्या खोलीत बोलावलं.

६

तिने तांबूस तिकोनी बिल्ला टेबलावर ठेवला आणि त्याच्या तीन बाजूंना ते तीन काप लावले. गोल पुरा झाला.

"हे काप याच बिल्ल्याचे असते तर वर्षभर जुने, काळपट असते," ती म्हणाली. "हे आताआताचे आहेत. आणि माझ्या भाचीने पाहिलेला बिल्ला चकाकत होता, हा तर मेलेला आहे. तीन वीसला दोघांनी दोन गळ्यांत बिल्ला पाहिला, आणि दोघंही खरं बोलतायत. बिल्ले दोन होते."

कोणी बोलायच्या आत आजोबांनी खिशात हात घातला आणि नवा तिकोनी बिल्ला टेबलावर ठेवला.

जुना मंगळवारी हरवला होता. मळक्या चादरींचा गठ्ठा बांधताना दोरा अडकत होता म्हणून त्यांनी तो काढून गठ्ठ्यावर ठेवला, आणि गठ्ठा कधी यंत्रात गेला ते कळलंच नाही. त्यांनी सगळी लाँड्री पालथी घातली. सांगायला मात्र जीभ रेटेना. म्हातारा विसरायला लागला असं एकदा कोणाच्या मनात आलं, की भिंगरी आपल्या हातात कोण देणार? चाळीस वर्षं बिल्ला हरवला की त्यांनी दुसरा कापला होता, तसा तो कापला.

"शर्टाला दोन बिल्ले लागले तरी शर्ट एकच असतो, मास्तर," ते म्हणाले. "काही बिघडत नाही."

"शर्ट उठून चालू लागत नाही, व्याहीबुवा," मावशी हळूच म्हणाली.

आता आत्यालाही राहवेना. शुक्रवारी दुपारी तिला जुना बिल्ला यंत्राच्या जाळीत सापडला होता. कोणाच्या तरी गळ्यातून आत्ताच पडला असेल, म्हणजे पोर वाऱ्यावर आहे, असं वाटून तिने तो ताबडतोब आपल्या गळ्यात घातला. इथपर्यंत तिचं काहीच चुकलं नव्हतं. मग तीन वाजता आजोबा चहा घ्यायला काउंटरवर आले. दोघांनी एकमेकांच्या गळ्यात बिल्ला पाहिला आणि दोघंही मूग गिळून गप्प बसले. आजोबांनी विचारलं असतं तर हरवल्याचं कळलं असतं. आत्याने विचारलं असतं तर जाळी सोमवारपासून साफ केली नव्हती, हे कळलं असतं. आजोबा मनात म्हणाले, हरवलेला सापडला की नवा रद्द, म्हणजे पाळी लेकीची. आत्या मनात म्हणाली, नवा काढला की जुना रद्द, म्हणजे पाळी बाबांची.

"नवा काढला की जुना रद्दच होतो," आत्या म्हणाली.

"सापडल्यावर नाही होत. मी तुला शिकवलंय," आजोबा म्हणाले, आणि क्षणभर बापलेकीचं खरोखरच भांडण जुंपलं. मग दोघांच्याही लक्षात आलं, की याच वादात पोर टोपलीत गेली होती.

मावशीने आपलाही गुन्हा कबूल केला. तिने या घराला गोळ्याची अर्धीच गोष्ट सांगितली होती. गोळा हरवला की आधी सगळ्या गाड्या थांबवायच्या आणि दोन्ही स्टेशनांना ओरडून सांगायचं, लाजायचं नाही, हे सांगायचं ती विसरली होती. आणि गोळा हातात असला तरी ड्रायव्हरला रुळांकडे बघावंच लागतं, हे तर तिला सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

७

भाची भिंतीला टेकून उभी होती. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी हात जोडले नाहीत की डोळे पुसले नाहीत, नुसते वाट पाहत राहिले.

"मी बोलले ते बोलले, बाबा," भाची म्हणाली.

"हो. बरोबर आहे तुझं," आजोबा म्हणाले.

मावशीने वही मिटली. एक प्रश्न उरला होता. तो सकाळी भाची बोलत असतानाच तिच्या मनात आला होता आणि दिवसभर तिने तो गिळून ठेवला होता. भाचीवर तिचा पोटच्या पोरीइतका जीव होता, म्हणून तिने तो आता विचारला.

"तू दारात आलीस, घड्याळ पाहिलंस, बाबांच्या गळ्यातला बिल्ला पाहिलास. तेव्हा भिंगरी कुठे होती?"

जावई भाचीजवळ येऊन उभा राहिला.

"चादरींच्या टोपलीपाशी," ती म्हणाली. "एक पाय आत टाकलेला होता तिने. मी बघितलं, मावशी. मला वाटलं, बाबा आहेत. आणि मी माझ्या डागाकडे गेले." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "रात्रभर मी कोणाची चूक ते शोधत होते. शेवटचं तिला मीच बघितलं होतं."

आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात भाचीने झटकला नाही. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते येऊ दिलं.

"मग आता तिला कोणाच्या हातात द्यायचं?" भाचीने विचारलं. ती खरंच विचारत होती. "माझा नियम लावला तर मलाही द्यायला नको."

यावर आजोबा पुढं झाले. बहात्तर वर्षांचा तो माणूस सुनेसमोर उभा राहिला आणि म्हणाला, की तुझा नियम रागाचा होता, पण खोटा नव्हता. भिंगरी तुझी आहे. मला देऊ नकोस, पण तू तिला टाकून बसू नकोस. मी लांबून बघेन.

भिंगरी दारात आली होती. सगळी मोठी माणसं एकाच खोलीत आणि एवढी गप्प कशी, हे तिला कळेना. आईने तिला उचललं, तिच्या केसांत तोंड खुपसलं आणि तशीच उभी राहिली. काल रात्रभर तिने भिंगरीला एकदाही खाली सोडलं नव्हतं. स्वतः डोळाही मिटला नव्हता. मावशीला दिसलं, की ही आता उभ्या उभ्या कोसळेल.

मग भाची दोन पावलं चालली आणि आजोबांच्या समोर थांबली.

"बाबा, मला घटकाभर पडायचंय. मला झोप हवी आहे," ती म्हणाली. "ही आता तुमच्याकडे. तोंडाने सांगतेय. माझ्याकडे नाही, आत्याकडे नाही, तुमच्याकडे. घेतली?"

आजोबांनी सुनेकडे पाहिलं नाही. भिंगरी नीट हातात येईपर्यंत, तिचा एक हात आपल्या मानेभोवती पडेपर्यंत, ते फक्त भिंगरीकडे बघत राहिले.

"घेतली," ते म्हणाले.